मधुदादाचं बोट

मधुकर घाडीगावकरला हॉस्पिटलात मधुकर म्हणून कोणी ओळखत नसे. वॉचमनपासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळ्यांचा तो मधुदादा. वागळे इस्टेटमधला एक कारखाना बंद पडला, त्या जागेवर हे चार मजली हॉस्पिटल उभं राहिलं, आणि तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, तो दुसऱ्या मजल्यावरच्या कॅथलॅबमध्ये टेक्निशियन होता. पद टेक्निशियनचं, पण रुबाब असा, की नवा डॉक्टर आला की आधी मधुदादाला चहा पाजायचा आणि मग मोठ्या सरांना भेटायला जायचा. गंमत नाही, खरंच तसं होतं.

आणि हा सगळा रुबाब त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांचा.

त्याचं असं आहे, की पायाची रक्तवाहिनी तुंबली किंवा किडनीतून रक्त जायला लागलं, तर हल्ली दर वेळी चिरफाड करत नाहीत. जांघेतल्या धमनीत सुई घालतात, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, आणि त्या वाटेने हवं तिथे पोचतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ती धमनी सापडायला हवी, आणि तीही नेमक्या जागी, जिथे तिच्या मागे खुब्याच्या हाडाचा गोळा येतो. कारण काम झालं, नळी काढली, की त्या भोकावर वीस मिनिटं दाबून धरावं लागतं. मागे हाड असेल तर धमनी त्यावर चेपली जाते आणि भोक मिटतं. सुई जरा वर पोटाकडे गेली तर मागे हाडच नाही. मग दाबा किती दाबायचं ते, गादीवर दाबल्यासारखं. बाहेर थेंब दिसत नाही आणि आत पोटामागे रक्त साठत राहतं, पेशंट संपेपर्यंत.

मधुदादा सुईच्या आधी पेशंटच्या जांघेत तीन बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मधलं बोट रोवून म्हणायचा, "इथे." डॉक्टर तिथे टोचायचे आणि रक्त यायचं. शेवटी दाबायलाही तोच. दाबायचं कुठे हीसुद्धा अक्कल लागते. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक खाली आणि धमनीतलं भोक त्याच्या दोन बोटं वर. नवशिकी पोरं जिथे रक्त दिसतं तिथेच दाबत बसतात आणि मधुदादाच्या शिव्या खातात. जागा शोधायला तीन वर्षांपूर्वी सोनोग्राफीचं छोटं मशीन आलं होतं. धूळ बसू नये म्हणून मधुदादाने स्वतः त्याला निळ्या कापडाची खोळ शिवून आणली. ती खोळ क्वचितच निघायची. डॉक्टर अपूर्व करंदीकर, जे हे सगळं काम करायचे, ते तर सगळ्यांना सांगायचे, "आमचं मशीन चहा पितं आणि कल्याणला राहतं."

तर या चहा पिणाऱ्या मशीनचं काय झालं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. ती तीन बोटं मेली होती.

मधुदादाला कळलं ते गणपतीत. घरी आरती चालू, कापराची वाटी हातात, आणि बायको सुमती एकदम ओरडली, "अहो, काहीतरी जळतंय!" जळत होतं ते त्याचं मधलं बोट. टरारून फोड आला, कातडीचा वास सुटला आणि हा बाबा तालात टाळ्या पडताहेत म्हणून खुशीत आरती म्हणतोय. त्याला काहीच लागलं नव्हतं. पंधरा वर्षांची साखर होती अंगात, आणि त्यावर एकोणीस वर्षं रोज बोटं रोवून दाबणं. रात्री हाताला मुंग्या येत होत्या, त्याकडे त्याने लक्ष दिलं नव्हतं. सुमती म्हणाली, डॉक्टरांच्यात राहता, एकदा दाखवा की. त्याने दाखवलं नाही. दाखवलं असतं तर लगेच समजलं असतं, आणि मग मधुदादाचं उरलं काय? फाइली उचलणारा एक अठ्ठावन्न वर्षांचा म्हातारा. एवढ्या एका भीतीपायी त्याने तोंड शिवून टाकलं.

मग तो अंदाजावर काम करायला लागला. डोळे पूर्वीसारखेच मिटायचा. एकोणीस वर्षांचा सराव, हात आपोआप जागेवर जायचा, आणि बहुतेक वेळा जागा बरोबर निघायची. दहात नऊ वेळा म्हणा. दहाव्याचा विचार तो करत नसे.

धाकू तरे नावाचा एक म्हातारा टिटवाळ्याच्या बाजूच्या गावाहून आला होता, पौषात. पायाची धमनी तुंबलेली. काम छान झालं, मधुदादानेच जागा दाखवली, त्यानेच दाबलं. संध्याकाळी म्हातारा म्हणाला, "पाठीन कायतरी उतरतंय रं." सगळ्यांना वाटलं, सरळ पडून पाठ अवघडली. सकाळी म्हातारा गेला. वय पंचाहत्तर, हृदय आधीच कमजोर, कागदावर हार्ट अटॅक लागला आणि घरच्यांनीही तो मान्य केला. मधुदादाने त्या आठवड्यात चारदा मनाला समजावलं, की हार्टच असणार. पाचव्यांदा समजावायची वेळ आली तेव्हा तो मेट्रनकडे गेला आणि म्हणाला, त्या म्हाताऱ्याची सून आहे, मालन, घरात कमावतं कोणी नाही, तिला मावशी म्हणून घ्या ना आपल्याकडे.

मालन लागली. कामाला वाघीण. आणि मधुदादावर तिचा असा काही जीव, की रोज दुपारी त्याचा डबा गरम करून आणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मी उशाशीच उभी होती ना. दादा बाबांना दाबत होते तवा डोळे मिटलेले त्यांनी, देवासमोर मिटतात ना, तसे. इतकं मन लावून कोण करतं हो दुसऱ्यासाठी?" पहिल्या पगाराला तिने पेढे आणले आणि त्याचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. त्या रात्री मधुदादा जेवला नाही. ॲसिडिटी झाली म्हणाला.

शिमगा होऊन आठ दिवस झाले असतील. त्या सकाळी टेबलावर विमलाबाई होत्या, शहाडच्या. अंगाने भरलेल्या, तोंडाने त्याहून भरलेल्या. डाव्या पायाचा अंगठा काळा पडलेला, त्या पायाची धमनी उघडायची होती, आणि वाट उजव्या जांघेतून. मुलगा प्रीतम बाहेर बाकावर बसला होता.

"काय रे बाबा," विमलाबाई मधुदादाला म्हणाल्या, "हे पोरगं माझा पाय नीट करणार ना? मिशी तरी फुटलीय का त्याला?"

डॉक्टर अपूर्व मास्कच्या आत हसले. मधुदादा म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त हलायचं नाही. बाकी आम्ही बघतो."

त्याने तीन बोटं ठेवली. पोटाची वळी जांघेवर उतरलेली, ती हेमांगी सिस्टरने वर ओढून धरली. मधुदादाने डोळे मिटले. बोटाखाली काही म्हणजे काही नव्हतं. हातमोज्यात कापूस भरावा तसा तो हात झाला होता. नेहमीची जागा कुठली ते अशा जाड अंगावर कळेना. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्षणभर वाटलं, म्हणावं, सर, आज मशीन घ्या. जिभेवर आलं होतं हो! पण कोपऱ्यातली ती निळी खोळ बघितली, आणि मधलं बोट रोवलं.

"इथे," तो म्हणाला.

पहिल्या सुईला रक्त नाही. दुसऱ्या सुईला नाही. डॉक्टर थांबले. "मधुदादा, जरा वर वाटत नाही का? एकदा मशीन लावू या?"

"नाही सर. बरोबर आहे. अंग जाड आहे म्हणून खोल आहे, एवढंच."

तिसऱ्यांदा टोचलं आणि लालभडक रक्त उसळलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं बोट म्हणजे बोट आहे." हेमांगी सिस्टरही कौतुकाने हसली. खोल टोचलेली, वर टोचलेली सुईसुद्धा धमनीत गेली तर रक्त येतंच, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. पण एकोणीस वर्षांच्या भरवशापुढे कोण कशाला पडदा बघत बसेल? क्ष-किरणाखाली एकदा सुईची जागा बघितली असती तर दिसलं असतं. त्यांनी बघितली नाही, आणि मधुदादाने बघू दिली नाही.

पायाचं काम सुरेख झालं. अंगठ्यापर्यंत रक्त पोचलेलं पडद्यावर दिसलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना आतून टाका घालणारं उपकरण वापरू या का? वजन जास्त आहे."

"कशाला सर? मी आहे ना."

रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन उतरेपर्यंत थांबले, आणि सव्वा वाजता रिकव्हरीच्या खोलीत मधुदादाने नळी काढून दाबायला सुरुवात केली. मालन उशाशी उभी होती, विमलाबाईंचा घाम पुसत.

"अरे, दाबतोयस का कणीक मळतोयस?" विमलाबाई म्हणाल्या.

मालन खुदकन हसली. "आजी, गप पडा. दादांचा हात लागलाय, काय भ्याव नाय तुम्हाला."

मधुदादा घड्याळाकडे बघत दाबत राहिला. हाताला लागत नव्हतं तेव्हा डोळ्यांवर भिस्त. आणि डोळ्यांना दिसत होतं ते कातडीवरचं भोक. त्याला स्वतःला कळलं नाही, पण त्याची बोटं हळूहळू खाली घसरली होती, जिथे रक्त दिसत होतं तिथे. नवशिक्या पोरांना ज्या चुकीसाठी तो आईबहिणीवरून बोलायचा, तीच. वीस मिनिटांनी हात उचलला. एक थेंब नाही. पट्टी लावली, वाळूची पिशवी ठेवली. पाय सरळ, सहा तास हलायचं नाही. डॉक्टर येऊन बघून गेले, त्यांची दुपारची ओपीडी डोंबिवलीला असते, ते पावणेदोनला निघाले.

अडीचला विमलाबाई म्हणाल्या, "ए पोरी, पाठीत दुखतंय गं."

हेमांगी सिस्टरने उशी सरकवून दिली. दहा मिनिटांनी त्या पुन्हा म्हणाल्या. आता आवाजातली चेष्टा गेली होती. प्रेशर बघितलं, सकाळी एकशेपन्नास होतं ते एकशे पाच. नाडी जोरात. सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मधुदादा आहेत का तिथे? मधुदादा, जांघ कशी आहे? फुगलीय? कडक आहे?"

मधुदादाने पट्टीच्या बाजूने बोटं दाबली. दगड असता तरी त्याला कापूसच वाटला असता.

"मऊ आहे सर. एकदम साफ."

"नक्की ना? मी शिळफाट्याला आहे. साफ असेल तर मी पुढे जातो. सरळ पडून बऱ्याच जणांची पाठ धरते. सलाइन वाढवा, पॅरासिटॅमॉल द्या, अर्ध्या तासाने परत कळवा."

"हो सर. तुम्ही जा."

तुम्ही जा! असं म्हणाला तो. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. फोन बंद झाला तेव्हा त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, आणि तो मुकाट्याने हात धुवायला बेसिनकडे गेला. नळाचं पाणी गार आहे का कोमट, तेही त्याला कळत नव्हतं. आरशात बघायचं त्याने टाळलं.

मागून विमलाबाईंचा आवाज आला. बारीक, थकलेला. "पोरी, पाठीत काहीतरी उतरतंय गं आतल्या आत. गरम गरम."

मालनच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"सिस्टर," ती म्हणाली, "आमचे बाबा पण असंच बोललेले. जायच्या आदल्या संध्याकाळी. हेच बोललेले, पाठीन उतरतंय म्हणून."

"अगं, त्यांना हार्ट अटॅक होता."

"ते मला नाय माहीत. पण बोललेले हेच, आणि असेच पांढरे पडलेले. नखं बघा ना आजींची."

मधुदादा बेसिनपाशी उभाच होता. नळ चालू होता. आता काय ते सांगायचं तर याच घडीला, नाहीतर कधीच नाही, आणि नाही सांगितलं तर ही बाई संध्याकाळपर्यंत जाणार, जसा तो म्हातारा... त्याने वाक्य पुरं केलं नाही. इतके दिवस मनातल्या मनात हार्ट हार्ट म्हणून जे लिंपून ठेवलं होतं, ते मालनच्या एका वाक्याने भसकन उघडलं. त्याने नळ बंद केला, सिस्टरच्या हातातून फोन घेतला आणि नंबर लावला.

"सर, गाडी वळवा. जागा वर गेलीय. आत रक्त जातंय."

"आत्ता तर म्हणालात मऊ आहे!"

"मला कळत नाही सर." त्याचा आवाज फाटला. "माझ्या बोटांना कळत नाही. मी अंदाजाने बोललो. वळवा तुम्ही गाडी."

मग डॉक्टर भराभर बोलले. चार बाटल्या रक्त मागवा, आयसीयूच्या डॉक्टरला बोलवा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा द्या, लॅब तयार ठेवा. "आणि मी येईपर्यंत कोणीतरी वर दाबून धरा. ज्याला नाडी कळते असं कोणीतरी."

हेमांगी सिस्टरचे दोन्ही हात सुया आणि बाटल्यांत अडकलेले. आयसीयूचा डॉक्टर धावत आला तो विमलाबाईंच्या मानेत लाइन घालायला वाकला. प्रेशर ऐंशी. मधुदादाने मालनकडे बघितलं.

"हात दे."

"मी?"

"हात दे म्हणतो ना!" त्याने तिचा हात पकडून वाळूची पिशवी बाजूला ढकलली आणि तिची बोटं विमलाबाईंच्या पोटाच्या वळीखाली रोवली, पट्टीच्या बरीच वर. "दाब. आणखी खोल. काही उडतंय का हाताला?"

"नाय."

"आतल्या बाजूला सरक. आता?"

"नाय... थांबा. हो. उडतंय. बारीक उडतंय, दादा!"

"तिथेच. अंगाचा सगळा भार टाक. मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही. हात तुटला तरी नाही."

मालनने भार टाकला. विमलाबाई कण्हल्या आणि मग कण्हायच्याही थांबल्या. आतमध्ये काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं. पट्टी पांढरीशुभ्र होती. चादर स्वच्छ होती. एवढ्या स्वच्छ चादरीवर माणूस रिकामा होत चालला होता, आणि मशीनवरचे आकडे तेवढे उतरत होते. अठ्ठ्याहत्तर. बहात्तर. दाराच्या काचेतून प्रीतम आत बघत होता, त्याला कोणी काही सांगत नव्हतं. मालनच्या कपाळावरून घाम टपटप पडत होता. ती मधूनमधून विचारायची, "दादा, बरोबर ना?" आणि मधुदादा म्हणायचा, "तुला उडतंय ना हाताला? मग बरोबर." पन्नास मिनिटं. पहिली रक्ताची बाटली चढली तेव्हा आकडा बहात्तरावर थांबला. खाली गेला नाही.

डॉक्टर अपूर्व आले ते थेट कामाला लागले. विमलाबाईंना लॅबमध्ये घेतलं. कोपऱ्यातलं मशीन त्यांनी स्वतः ओढलं, निळी खोळ एका झटक्यात काढून जमिनीवर टाकली, आणि त्या मशीनच्या पडद्यावर बघत डाव्या जांघेत सुई घातली. एका टोचणीत. तिथून नळी उजवीकडे नेली, क्ष-किरणात काळं दिसणारं औषध सोडलं, आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं. खुब्याच्या हाडाच्या कितीतरी वर, जिथे मागे नुसती पोकळी, तिथून काळा धूर धमनीबाहेर निघत होता. मालनची बोटं अजून तिथेच होती, पडद्यावर तिच्या बोटांची हाडं दिसत होती. तिला शिशाचा एप्रन कोणी चढवला ते तिलाही आठवलं नाही. डॉक्टरांनी आतून फुगा फुगवून भोक बंद केलं आणि मग म्हणाले, "मालन, सोड आता." तिला बोटं उघडता येईनात. हेमांगी सिस्टरने एकेक करून सोडवली.

पाच वाजता आत कापड लावलेली जाळी बसवून धमनी सांधून झाली. पुन्हा औषध सोडलं. धूर नव्हता. सहाला विमलाबाई आयसीयूत गेल्या. डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं आणि ते मिळत नाही म्हणून सिस्टरला एक सणसणीत शिवी दिली. प्रीतम रडत रडत हसला.

लॅबमध्ये आता तिघंच उरले. डॉक्टर स्टुलावर बसले होते. मधुदादा टेबलाला टेकून उभा. मालन जमिनीवरचं रक्त आणि औषधाचे डाग पुसत होती. तिची बोटं अजून वाकडी होती, तरी पुसत होती.

"हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले. "आणि तिकडे भिंतीकडे बघा."

मधुदादाने हात पुढे केला.

"टोचेन तेव्हा सांगा."

तो वाट बघत राहिला. बराच वेळ झाला. मग म्हणाला, "टोचा ना सर."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये टाकली. मधुदादाने मान वळवून बघितलं. तिन्ही बोटांच्या टोकांवर रक्ताचे तीन थेंब होते.

"कधीपासून?"

काय सोपं होतं हो उत्तर! आठ-दहा दिवस झाले सर. होळीपासून सर. डॉक्टरांना तेच ऐकायला आवडलं असतं. त्यांच्याही सह्या होत्या सगळ्या कागदांवर, पौषातल्यासुद्धा. बाई वाचली होती. मालनने त्याला उद्याही डबा गरम करून दिला असता. मधुदादाने तिच्याकडे बघितलं. ती फडकं पिळत होती आणि ऐकत होती, चेहऱ्यावर नुसती काळजी. दादांच्या हाताला काय झालं, याची काळजी. ते बघून त्याने टेबलाची कड धरली.

"गणपतीपासून," तो म्हणाला.

डॉक्टर अपूर्व हळूच उठले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा उतरत गेला. पौषातलं नाव त्यांनाही आठवलं होतं.

मालनने आणखी दोनदा फडकं मारलं. मग ते थांबलं. "गणपती म्हंजे भादवा," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. मग बोटांवर पेरं मोजली, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पौषावर बोट आलं आणि ती उठून उभी राहिली. मधुदादाच्या समोर आली. त्याचा उजवा हात तिने उचलला, पहिल्या पगाराला उचलला होता तसाच, आणि त्या तीन थेंबांकडे बघत राहिली.

"त्या दिवशी बाबांना दाबत होतात," ती म्हणाली, "तवा तुमच्या हाताला उडत होतं का? मला आज उडत होतं, तसं?"

"नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही, मालन."

तिने हात सोडला नाही. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"मग डोळे कशाला मिटलेले?"